गोल दालनाचे दुसरे दार

"दोनच वाक्यं, आप्पा," दादा तिसऱ्यांदा सांगत होता. "पहिलं, सगळ्यांचे आभार. दुसरं, हे माझ्या एकट्याचं काम नव्हे. मग खाली बसायचं."

"दुसरं खोटं आहे," आप्पा म्हणाले आणि त्यांनी कपातला उरलेला चहा शांतपणे संपवला.

"सत्कारात खरं कोण बोलतं?" वहिनी म्हणाली. "खरं बोलायचं तर हार घालणारा पहिला पळून जाईल."

दादा हसला. आप्पाही किंचित हसले. आप्पांची मुलगी मधली मात्र खिडकीपाशी उभी राहून पुसलेलेच कप पुन्हा पुसत राहिली. ते वाक्य आप्पा विनयाने बोलले, थट्टेने बोलले की तिला जे गेले तीन आठवडे ठाऊक होते ते त्यांनाही ठाऊक होते म्हणून बोलले, हे तिला कळेना. नव्वदीकडे झुकलेल्या त्या चेहऱ्यावरून काही वाचता येणे कठीण होते. उभा जन्म दुसऱ्यांची पुस्तके शिवण्यात घालवलेल्या त्या माणसाने स्वतःला कुठे उघडता येईल अशी एकही जागा ठेवली नव्हती.

सोमवार असल्यामुळे संग्रहालय बंद होते. या इमारतीत मुळात साहित्य नव्हते, आकाश होते. शहरात दिवे वाढले आणि तारे दिसेनासे झाले तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या दुर्बिणी डोंगरावर हलवल्या. रिकाम्या वेधशाळेत देशभरातल्या मेलेल्या लेखकांचे कागद, चष्मे, दौती आणि खुर्च्या येऊन राहिल्या. वेधशाळेच्या घड्याळांना किल्ली देणारे आजोबा तेवढे जागचे हलले नाहीत. सरकारने सामानाबरोबर त्यांनाही संग्रहालयाच्या खात्यावर चढवले. त्यांचा मुलगा, म्हणजे आप्पा, बांधणीकार झाला आणि नात, म्हणजे मधली, जतन विभागात लागली. मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत तीन पिढ्या नांदल्या. आता त्यांत दोन माणसे उरली होती, आणि त्या दोघांत दिवसाकाठी वीसेक वाक्यांची देवाणघेवाण होत असे.

घुमटाखालच्या गोल दालनात मधोमध एक दगडी खांब आहे. दुर्बीण त्यावर बसवलेली असे. तो स्वतःच्या पायावर, जमिनीच्या पोटातून थेट वर आलेला आहे. भोवतीच्या फरशीला तो कुठेही टेकत नाही, मध्ये बोटभर फट सोडलेली आहे. माणसांच्या चालण्याने ताऱ्यांचे चित्र हलू नये म्हणून. लहानपणी मधली त्या फटीत बोट घालून बसे, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत राहूनही इमारतीला स्पर्श न करता उभे राहता येते याचे तिला नवल वाटे. पुढे तिला त्याचे नवल वाटेनासे झाले.

उद्या त्या दालनाचे नूतनीकरणानंतर उद्घाटन होते, आणि त्याच समारंभात आप्पांचा सत्कार. खांबाशेजारच्या काचेच्या पेटीत संग्रहालयातला सर्वांत मोलाचा ऐवज ठेवला जाणार होता: अपुऱ्या वयात गेलेल्या एका कादंबरीकाराचे एकुलते एक हस्तलिखित. एकशे अठ्ठेचाळीस सुटी पाने, एकावरही आकडा नाही. लेखकाच्या विधवेने चाळीस वर्षांपूर्वी ती भिजलेल्या गठ्ठ्यात आणून दिली. आप्पांनी ती धुतली, वाळवली, शिवली. छापील पुस्तक त्या बांधणीवरूनच निघाले आणि त्याने सगळ्या देशाला वेड लावले. 'तो बोटीवरून उतरला तेव्हा त्याला घ्यायला कोणी आले नव्हते' हे त्याचे पहिले वाक्य शाळकरी मुलांनाही पाठ होते. नायक परततो, पुन्हा घर सोडतो आणि अखेरच्या पानावर बोटीत असतो. म्हणजे जिथे पुस्तक संपते तिथेच ते सुरू होते. या वर्तुळावर ज्यांनी लिहिले त्यांत सर्वांत गाजलेले नाव होते मधलीच्या धाकट्या बहिणीचे.

तीन आठवड्यांपूर्वी छायाचित्रणासाठी मधलीने आप्पांची शिवण उसवली आणि पाने तपासणीच्या निळ्या दिव्याखाली धरली. उघड्या डोळ्यांना न दिसणारा जुन्या ओलीचा डाग त्या प्रकाशात पिवळसर उमटला. गठ्ठा खालून भिजला होता, त्यामुळे डाग पानागणिक वाढत जायला हवा होता. तो वाढतही होता. पहिल्या पानावर रुपयाएवढा, अठ्ठावन्नाव्या पानावर तळहाताएवढा. एकोणसाठावे पान मात्र स्वच्छ, कोरडे होते. तिथून पुन्हा सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यापासून सुरुवात, आणि शेवटच्या पानावर पहिल्यासारखाच रुपयाएवढा.

एकोणसाठावे पान हेच पहिले होते. नायक घर सोडतो, बोटीत बसतो, परततो, आणि आप्पांच्या बांधणीतल्या अठ्ठावन्नाव्या पानावर, जिथे त्याची बायको उंबऱ्यावर थोडी सरकून त्याला बसायला जागा देते, तिथे कादंबरी संपत होती. वर्तुळ कधी नव्हतेच. एक माणूस घरी आला होता, एवढेच.

स्थिती-अहवालातला 'पानांचा क्रम' हा रकाना मधलीने तेव्हापासून कोरा ठेवला होता. आज पाच वाजेपर्यंत तो अहवाल संचालकबाईंना द्यायचा होता.

आप्पा आडवे झाल्यावर तिने दादा-वहिनीला कार्यशाळेत नेले आणि दिवा लावून दाखवले. दादा पुलांची तपासणी करणारा अभियंता. त्याने डाग अशा नजरेने पाहिले की त्याला समजावून सांगावे लागले नाही.

"आप्पांना माहीत आहे?"

"विचारलं नाही."

"विचारूही नकोस. आणि हे बघ, भेग दिसली की लगेच पूल बंद करत नाहीत. खूण करतात, वर्षभर बघतात."

"पुलावरून माणसं जातात, दादा."

"पुस्तकावरूनही गेलीत. चाळीस वर्षं. कुणी पडलं नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "उद्या त्यांच्या आयुष्यातला पहिला सत्कार आहे. शेवटचाही असेल. आणि धाकटी? तिचं अख्खं करिअर या पानांवर उभं आहे. अहवालात लिहिलंस तर ती तुझं तोंड बघणार नाही."

"ते मलाही कळतं."

"कमाल आहे तुमच्या घराची," वहिनी म्हणाली. "इथे कागदाला सर्दी झाली तरी तुम्हाला समजते. माणूस तापाने फणफणला तरी कुणी विचारत नाही." हे हसण्यासारखे होते, पण वहिनी हसत नव्हती. "तीन आठवडे एकटीने हे पोटात ठेवलंस? मला फोन करायचास. मला साहित्यातलं काही कळत नाही, पण ऐकून घेता येतं."

मधलीने दिवा मालवला. कुणाला तरी सांगता येते, ही गोष्ट तिच्या ध्यानातूनच गेली होती.

धाकटी दुपारी तीनला आली, नेहमीसारखी वादळासारखी, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या ग्रंथाची नवी आवृत्ती घेऊन. "ताई, किती वाळलीस गं! दादा, तू उरलेलं सगळं खाल्लंस वाटतं." तिने मधलीच्या गळ्यात हात टाकले, आणि आई गेल्यावर दहा वर्षांच्या या पोरीची वेणी आपण घालत असू, ती वेणी घालताना ती अखंड बोलत असे, हे मधलीला आठवले. आजही तसेच. प्रवास, विद्यार्थी, उद्याचे भाषण. "शेवटच्या पानावर बोलणार आहे. न पोहोचण्याबद्दल. ताई, मूळ पान बघू दे ना एकदा. बोट, समुद्र, ते वाक्य. त्यांच्या अक्षरात."

दादाने मधलीकडे पाहिले. ती नजर आज्ञेची नव्हती, विनवणीची होती. मधलीने कपाटाची किल्ली घेतली.

शेवटचे पान तिने दाखवले. धाकटी त्यावर वाकली आणि पुटपुटत वाचू लागली: 'किनारा दिसत नव्हता, आणि ते बरेच होते.' तिचा चेहरा इतका मऊ झाला की मधलीला वाटले, हे सारे एका वाक्याने वाचवता येईल. फक्त ते वाक्य बोलायचे नाही. मग तिने दिवा लावला. का लावला हे तिला पुढेही नीट सांगता आले नसते. कदाचित एवढेच की याहून उशीर झाला असता तर ते लपवणे ठरले असते.

सांगायला पाच मिनिटे लागली. धाकटीने पाने पुनःपुन्हा प्रकाशात धरली, मागेपुढे केली आणि सरळ उभी राहिली.

"म्हणजे आता तू मला डागावरून साहित्य शिकवणार."

"मी साहित्याचं काही म्हणतच नाही."

"गठ्ठा उलटा भिजला असेल. आधीच विस्कटलेला असेल. लेखकानेच क्रम बदलला असेल. शंभर शक्यता आहेत!"

"एकच आहे," दारातून आवाज आला.

आप्पा उभे होते. झोपले नव्हतेच ते. वहिनीने पुढे होऊन खुर्ची सरकवली. ते बसले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून, कोणा परक्याची हकीकत सांगावी तसे बोलू लागले.

"पानं मी गोल दालनात वाळत घातली होती. पूर्वेच्या दारापासून सुरुवात, भिंतीच्या कडेनं एकच दोरी, फेरा मारून पुन्हा त्याच दारापाशी. आकडे घालायचे नाहीत, ही माझ्या वडिलांची शिस्त. दुसऱ्याच्या लिखाणावर आपली रेघ ओढायची नाही, पेन्सिलीचीसुद्धा नाही. दोरी हाच क्रम. शेवटचा चिमटा लावला आणि इस्पितळातून निरोप आला. तुझ्या आईचं अवघड झालं होतं." हे ते धाकटीकडे न बघता बोलले. "दोन दिवस तिथेच होतो. मग तू झालीस. आई वाचली. मी परत आलो तो पश्चिमेच्या दारानं, इस्पितळ त्या अंगाला होतं. दार उघडलं, समोर पान दिसलं, तेच पहिलं समजून काढायला लागलो. गाणं म्हणत होतो."

"कुठलं?" वहिनीने विचारले.

"आठवत नाही. मला गाणं येत नाही."

"मग कळलं कधी?" दादा म्हणाला.

"पुस्तक छापून आलं तेव्हा. पहिलंच वाक्य वाचलं आणि पश्चिमेचं दार डोळ्यांपुढे आलं. तसाच उठून तेव्हाच्या संचालकांकडे गेलो. ते कोणाला तरी परीक्षण वाचून दाखवत होते. कसली रचना, काय ते वर्तुळ. माझ्याकडे वळून म्हणाले, बोला. मी म्हटलं, बांधणीच्या खळीला मैदा हवाय. आणि परत आलो."

"आणि त्या बाईंना? लेखकाच्या बायकोला? त्यांना तरी कळलं असेल," दादा म्हणाला.

"त्यांनी उघडलं नाही कधी. म्हणाल्या, मी ते जगले आहे, वाचू कशाला."

धाकटी अजून उभीच होती. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो मोठा असतानापेक्षा जास्त भीती वाटावी असा झाला होता. "आणि तुम्ही मला प्रबंध लिहू दिलात. पाच वर्षं."

"तू पदवी घेऊन घरी आलीस ते याच पुस्तकाबद्दल चार तास बोललीस," आप्पा म्हणाले. "इथेच, या टेबलाशी. आई गेल्यापासून तू माझ्याशी एवढं बोलली नव्हतीस. मी ऐकत होतो. मधे काय म्हणू?"

मधली आपल्या बोटांकडे पाहत राहिली. तीस वर्षे एकाच माणसाच्या शेजारी, एकाच टेबलाच्या दोन कडांना, ते दोघे कागद सांधत बसले होते. त्यांतली वीसेक वर्षे तिला वाटत आले होते की या शांततेत काही नाही, ती नुसती शांतता आहे.

"मी त्याचं घर सोडलं ना," धाकटी म्हणाली. 'त्याचं' म्हणजे नवऱ्याचं हे सगळ्यांना समजले. गेल्या बारा वर्षांत तिने त्याचे नाव घेतले नव्हते. "चिठ्ठीत दुसरं काही लिहिलं नाही. हेच वाक्य लिहिलं, किनारा दिसत नव्हता. तोही वाचणारा माणूस. पुस्तक तिथेच संपतं हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मागे आला नाही. मीही गेले नाही. मला वाटलं, हेच प्रामाणिक आहे." ती थांबली. "आणि त्या वाक्याच्या पुढे अजून अठ्ठावन्न पानं होती, ताई."

मधली तिच्याजवळ जायला निघाली, पण धाकटीने हात वर करून तिला थांबवले.

"एक दिवस दे. उद्या माझं भाषण होऊ दे. परवा लिही काय लिहायचं ते."

"उद्या तू त्याच शेवटाबद्दल बोलणार."

"हो."

"मग परवा लोक म्हणतील, हिला माहीत असून ही बोलली. आत्ता लिहिलं तर चूक आप्पांची आहे. परवा लिहिलं तर ती तुझी होईल."

"मला वाचवतेयस?" धाकटी म्हणाली. "तीन आठवडे रोज फोनवर बोलत होतीस. हवा कशी आहे, जेवलीस का, खोकला गेला का. तेव्हा का नाही वाचवलंस?"

"फोनवर सांगवेना."

"या घरात कधी कुणाला काही सांगवलंय?" तिने आप्पांकडे पाहिले, मग मधलीकडे. "तू त्यांचीच. मला वाटायचं, तू माझी आहेस."

दादाने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, पण आप्पांनीच आधी म्हटले, "कागद आण."

मधलीने अहवालाचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून रकान्यांवरून बोट फिरवले आणि एका जागी टेकवले. 'यापूर्वीची दुरुस्ती कोणी केली.' या रकान्यात संग्रहालयात वर्षानुवर्षे एकच उत्तर लिहीत आले होते: संग्रहालय कर्मचारी.

"इथे माझं नाव घाल. पूर्ण. खाली लिही, क्रम चुकवला तोही यानेच."

"आप्पा, उद्या सत्कार आहे," दादा म्हणाला.

"करायचा की नाही ते त्यांना ठरवू दे. पण तो दुसऱ्या कोणाचा तरी होत होता."

त्यांनी धाकटीकडे पाहिले नाही, क्षमाही मागितली नाही. ती मागायची कशी हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मधलीने नाव लिहिले. मग 'पानांचा क्रम' या रकान्यात तिने तीन ओळी लिहिल्या, डागाची मापे घातली आणि सही केली. सही करताना धाकटीच्या पावलांचा आवाज तिच्या कानांवर पडला: आधी कार्यशाळेतला लाकडी, मग दालनातला दगडी. दालनातला आवाज बराच वेळ घुमला.

"मी तिला स्टेशनवर सोडतो," दादा म्हणाला. दारात तो क्षणभर थांबला. "तू चुकलीस असं मी म्हणत नाही."

"बरोबर होते असंही म्हणत नाहीस."

"नाही," तो म्हणाला आणि गेला. वहिनीने जाताना मधलीच्या पाठीवर हात ठेवला, तो चांगला जाणवेल इतका वेळ ठेवला, आणि तीही त्याच्या मागे गेली.

धाकटीच्या ग्रंथाची नवी आवृत्ती टेबलावरच राहिली होती. मधलीने ती बाजूला ठेवली, अहवाल पाकिटात घालून ती संचालकबाईंच्या कार्यालयात देऊन आली, आणि परत आली तेव्हा आप्पा तसेच बसलेले होते.

"आता पानं लाव," ते म्हणाले.

छायाचित्रे दोन्ही क्रमांची झाली होती. अडचण काही नव्हती. तिने हात धुतले, कोरडे केले. वरची अठ्ठावन्न पाने मोजून त्यांच्या खाली दोन्ही तळहात सरकवले, गठ्ठा उचलला, उरलेली नव्वद पाने पुढे ओढली आणि हातातली त्यांच्या खाली ठेवली. कडा जुळवल्या. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम होते.

आप्पा खुर्चीतून उठले. टेबलाला धरून ते जवळ आले आणि त्यांनी गठ्ठ्याकडे वाकून पाहिले.

"एवढंच?"

"एवढंच."

"चाळीस वर्षं मला वाटत होतं," ते म्हणाले, "की सगळंच उसवावं लागेल."

खालच्या रस्त्यावर दादाची गाडी आत्ता कुठे सुरू झाली. तिचा आवाज दूर जाऊन नाहीसा होईपर्यंत दोघेही मान वर न करता पानांकडेच पाहत राहिले.